कोंबड्या अनुदानावर मिळाल्या, खुराड्याचे काय?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या कृषी पुरवणीत परसातील कुक्कुटपालनाविषयी अलीकडे वरचेवर लिहून येते. गिरिराजा जातीची कोंबडी घ्यावी की वनराजा जातीची, गावठी अंड्याला भाव किती मिळतो, कडकनाथचे मांस एवढे महाग का विकले जाते, या सर्व गोष्टींची चर्चा त्यात असते. मात्र या कोंबड्या रात्री झोपणार कुठे, याविषयी ‘योग्य निवाऱ्याची सोय करावी’ या एका वाक्यापलीकडे सहसा काही आढळत नाही. मी व्यवसायाने सुतार असून कुडाळ तालुक्यात दारे-खिडक्यांच्या कामाबरोबरच मागणीप्रमाणे खुराडीही बांधून देतो. त्या अनुभवावरून माझे असे मत झाले आहे की, दहा ते तीस कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाने सर्वांत आधी विचार करावा तो खुराड्याचा, आणि ते घरच्या व गावच्या सामानातून, स्वतःच्या हाताने, तयार पिंजऱ्याच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात उभे राहू शकते. लोक माझे ऐकून स्वतः खुराडी बांधू लागले तर माझी गिऱ्हाइके कमी होतील, याची मला जाणीव आहे. पण ज्या कामाला कसबी सुतार लागतच नाही, त्याला तो लागतो असे सांगत राहणेही बरे नव्हे.

हा विषय किरकोळ वाटू नये म्हणून एक आकडा देतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील पाळीव पक्ष्यांची संख्या ८५ कोटींहून अधिक भरली आणि त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातले होते. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेच्या तुलनेत व्यावसायिक पोल्ट्रीतील पक्षी साडेचार टक्क्यांनी वाढले, तर परसातले सुमारे ४६ टक्क्यांनी. एवढ्या पक्ष्यांचा रात्रीचा मुक्काम मोडक्या टोपलीखाली, फणसाच्या फांदीवर किंवा पडवीतल्या लाकडांच्या ढिगावर होत असेल, तर जातिवंत पिल्लांवर आणि खाद्यावर केलेला खर्च कितपत टिकणार, हे कोणीही समजू शकेल.

शासनाच्या योजनांमध्येही हीच उणीव आहे. आपल्या राज्यात लाभार्थ्याला २५ तलंगा (अंड्यांवर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) आणि ३ नर असा गट, किंवा एक दिवस वयाची १०० पिल्ले, निम्म्या अनुदानावर देण्याची योजना राबवली गेली आहे. पक्षी येतात, छायाचित्र निघते, आणि पक्षी घरी नेल्यावर त्यांना कोंडायचे कुठे याची शोधाशोध सुरू होते. याउलट २०२१ साली रोजगार हमीशी जोडून जी ग्रामसमृद्धी योजना आली, तिच्यात कुक्कुटपालनाच्या शेडसाठी ४९,७६० रुपयांची तरतूद होती. परंतु ती शंभर पक्ष्यांसाठी, साडेसात चौरस मीटरच्या, विटांचे जोते आणि वर जाळी अशा पक्क्या बांधकामासाठी होती. ज्यांच्याकडे शंभर पक्षी नाहीत त्यांनी जामीनदार द्यायचे आणि शेड पूर्ण झाल्यावर महिन्याभरात शंभर पक्षी आणायचे, अशी तिची अट होती. ज्या बाईला पंचवीस तलंगा मिळाल्या, तिने या दोन योजनांच्या मधल्या जागेत काय करावे? शिवाय साडेसात चौरस मीटरमध्ये शंभर पक्षी म्हणजे एका पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम पाऊण चौरस फूट जागा येते. पिल्लांना ती पुरेल, पण पूर्ण वाढलेल्या गिरिराजाच्या कोंबडीला, त्यातही पावसाळ्यात दिवसचे दिवस आत काढावे लागले तर, ती अपुरीच आहे.

मग लोक बाजारातला तयार लोखंडी पिंजरा आणतात. अंड्यांच्या मोठ्या पोल्ट्रीत तीन मजल्यांचे तारेचे पिंजरे असतात, त्यांचीच ही लहान आवृत्ती असते. तशा पोल्ट्रीत एका कोंबडीला सर्वसाधारणपणे ४५० चौरस सेंटिमीटर जागा मिळत आली आहे, म्हणजे कार्यालयात वापरतात त्या ए-फोर कागदापेक्षाही कमी. भारताच्या विधी आयोगाने जुलै २०१७ मधील आपल्या २६९ व्या अहवालात याच प्रश्नाचा विचार करून पोल्ट्रीतील पक्ष्यांसाठी स्वतंत्र नियमांचा मसुदा सुचवला होता. मोठ्या व्यवसायाचे अर्थकारण वेगळे आहे आणि त्यावर मत देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु परसातील कोंबडीचा सारा फायदा तिच्या फिरण्यात आहे. ती वाळवी, किडे, गवताचे कोवळे शेंडे, भात झोडल्यानंतर खळ्यात पडलेले दाणे आणि स्वयंपाकघरातले उरलेसुरले खाते, म्हणूनच तिचे अंडे आपल्याला स्वस्त पडते. तिला दिवसभर तारेच्या पिंजऱ्यात डांबले की सगळे खाद्य विकत आणावे लागते आणि हिशेब उलटा होतो. त्यामुळे आपल्याला हवे ते रात्री सुरक्षित आणि पावसात कोरडे राहणारे खुराडे. दिवसा त्याचे दार उघडे असावे.

पंचवीस-अठ्ठावीस पक्ष्यांसाठी आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद खुराडे पुरते, कारण त्यातून प्रत्येक पक्ष्याला जवळजवळ दीड चौरस फूट जमीन मिळते. पुढची भिंत पाच फूट आणि मागची चार फूट ठेवली की छपराला आपोआप उतार येतो. सर्व बाजूंनी खालचे दोन फूट बांबूच्या तट्ट्यांनी किंवा पोफळीच्या रिपांनी बंद करावेत आणि त्यावरचा भाग जाळीचा ठेवावा. तीन फूट रुंदीची जाळी घेतली तर या मापाला साधारण सव्वीस-सत्तावीस फूट लांबी लागते, आणि सगळ्या सामानात विकत आणावी लागणारी महागाची वस्तू हीच. खिळे, बिजागऱ्या आणि कडी सोडली तर उरलेले बहुतेक सामान कोकणातल्या घराच्या मागे सापडते.

जाळीच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. दुकानात ‘कोंबडीची जाळी’ म्हणून षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते. ती कोंबडीला बाहेर जाऊ देत नाही हे खरे, पण बाहेरच्याला आत येऊ न देण्याची ताकद तिच्यात नसते. भटका कुत्रा दातांनी तिचा एक पीळ तोडतो आणि मग ती स्वेटरसारखी उसवत जाते. एक इंचाच्या भोकातून उंदीर आणि सापाचे पिल्लू सहज आत शिरते. त्याऐवजी अर्धा इंच चौकोनाची, सांधे वेल्डिंग केलेली जाळी घ्यावी. सगळीकडे परवडत नसेल तर निदान खालच्या भागात आणि दाराला तीच लावावी, वर जुनी चालेल. जाळी नेहमी चौकटीच्या बाहेरच्या बाजूने ठोकावी, म्हणजे बाहेरून धक्का बसला तरी ती चौकटीवरच दाबली जाते. आतून ठोकलेली जाळी त्याच धक्क्याने खिळ्यांसकट सुटून येते. नुसते यू आकाराचे खिळे न मारता जाळीच्या कडेवरून लाकडाची पातळ पट्टी ठोकावी आणि कापलेल्या तारांची टोके त्या पट्टीखाली दडवावीत. तसे न केल्यास कोंबडीचा तुरा आणि आपला हात, दोन्ही फाटतात.

आपल्याकडे रात्री येणारे पाहुणे बरेच आहेत. रानमांजर, उदमांजर, कोल्हा, घूस, आणि काही गावांत आता बिबट्यासुद्धा. मुंगूस दिवसा आणि तिन्हीसांजेला येतो, धामणही दिवसाच. यातला प्रत्येकजण वेगळ्या वाटेने शिरतो. कुत्रा आणि कोल्हा जमीन उकरतात, घूस बीळ करते, उदमांजर छपरावरून येऊन कौल सरकवते, साप फट शोधतो. त्यामुळे खुराडे जमिनीपासून अडीच फूट उंच खांबांवर ठेवणे हा एकच उपाय निम्म्या तक्रारी मिटवतो. खांबाला मध्यावर गुळगुळीत पत्र्याची, उलट्या ठेवलेल्या नरसाळ्याच्या आकाराची पट्टी बांधली की उंदरांचे चढणे थांबते. बिबट्यापुढे मात्र बांबूचे खुराडे टिकेल असे मी कोणालाही सांगणार नाही. जिथे त्याचा वावर आहे तिथे घराच्या भिंतीला लागून, दिव्याच्या उजेडात आणि जाड सळईचे दार लावूनच बांधावे.

दाराविषयी दोन गोष्टी सांगतो, कारण बाकी सगळे नीट करून लोक इथेच घाई करतात. पहिली म्हणजे लाकडाची फिरती खुंटी लावून दार बंद केल्याचे समाधान मानू नये. थंडीत लाकूड आकसले की ती सैल होते आणि कुत्रा नाकाने उचलून ती फिरवतो. कडी-कोयंडा लावावा आणि कोयंड्यात खिटी अडकवावी. खिटी हरवू नये म्हणून ती दोरीने तिथेच बांधून ठेवावी. दुसरी गोष्ट अशी की, दार माणसाच्या सोयीचे असावे, कोंबडीच्या नव्हे. कोंबडीला जाण्या-येण्यासाठी फूटभर उंचीचे, वर सरकणारे झाकण आणि त्याला टेकवलेली खाचांची फळी पुरते. पण साफसफाईसाठी पुढच्या बाजूचा निदान तीन फूट भाग पूर्ण उघडला पाहिजे. ज्या खुराड्यात खराटा आणि हात कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही, ते खुराडे महिन्याभरानंतर कोणी साफ करत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

जमिनीसाठी बांबूच्या कांबींचा माच करावा. दोन कांबींमध्ये सुमारे एक इंच फट ठेवली की विष्ठा खाली पडते आणि पक्ष्यांचे पाय कोरडे राहतात. खाली भाताचे तूस पसरून ठेवले तर विष्ठा त्यात मुरते आणि उग्र वास येत नाही. हे तूस वेळोवेळी ओढून खड्ड्यात कुजवावे आणि मगच माडांना व पोफळींना घालावे, कारण ताजी कोंबडीची विष्ठा उष्ण असते आणि मुळे जाळते. पिल्ले असतील तेव्हा माचावर गोणपाट अंथरावे, नाहीतर त्यांचे पाय फटीत अडकतात. माचाची एक अडचणही सांगायला हवी. कांबींच्या सांध्यांमध्ये गोचीड आणि पिसवा लपून राहतात, दिवसा दिसत नाहीत आणि रात्री कोंबडीचे रक्त पितात. म्हणून माच खिळ्यांनी कायमचा न ठोकता दोन तुकड्यांत, उचलून काढता येईल असा करावा, तो उन्हात तापवावा आणि सांध्यांवर चुन्याचे पाणी मारावे.

आता हवा. कोकणातली खुराडी सर्वांत जास्त बिघडतात ती पावसाळ्यात, आणि बहुतेक वेळा ती काळजीपोटी बिघडवली जातात. सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नैऋत्येचा वारा आडवी सर आत फेकतो, म्हणून माणसे चारही बाजूंनी ताडपत्री किंवा निवडणुकीत मिळालेले फ्लेक्स गुंडाळून टाकतात. आत कोंबड्यांच्या श्वासाची वाफ कोंडते, ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, पक्ष्यांचे डोळे पाणावतात, मग घरघर लागते आणि पिल्लांना रक्ती हगवण सुरू होते. या हगवणीचे जंतू ओल आणि ऊब मिळाली की झपाट्याने जोर धरतात. कोरड्या जमिनीवर त्यांचे फारसे चालत नाही. कोंबडीला थंडीपेक्षा दमट हवेचा त्रास अधिक होतो, हे एकदा मान्य केले की उपाय सोपा आहे. जाळीची उघडी बाजू पूर्वेकडे ठेवावी. नैऋत्येची बाजू तट्ट्यांनी बंद करावी, पण छपराच्या वळचणीखाली चार-पाच बोटे रुंदीची जाळीची पट्टी समोरासमोर दोन्ही भिंतींना मोकळी सोडावी, म्हणजे बसलेल्या पक्ष्यांच्या डोक्यावरून वारा वाहत राहतो आणि अंगावर येत नाही. छप्पर भिंतीच्या बाहेर दोन फूट काढावे. फ्लेक्स वापरायचाच असेल तर तो वरून पडद्यासारखा सोडावा आणि सर ओसरली की गुंडाळावा. सकाळी खुराड्याचे दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबले, तर कोंबड्यांनी ती हवा रात्रभर घेतली आहे असे समजावे.

छपरासाठी नुसता पत्रा स्वस्त आणि लवकर होणारा, पण मार्च ते मे या महिन्यांत त्याखाली कोंबड्या धापा टाकतात. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून श्वासावाटेच अंगातली उष्णता बाहेर टाकते. पत्र्यावर माडाच्या विणलेल्या झावळ्या अंथरल्या की फरक लगेच कळतो. जुन्या घराची उतरलेली मंगळुरी कौले असतील तर त्यांच्यासारखे दुसरे काही नाही. फक्त त्यांचे वजन पेलायला वासे थोडे जवळ घ्यावे लागतात आणि खाली जाळी ताणावी लागते, म्हणजे उदमांजराने कौल सरकवले तरी त्याला आत उतरता येत नाही.

बांबूबद्दल लोकांच्या मनात अजून धास्ती आहे. आपल्या कुंपणावरचा बांबू तोडला तर वनखात्याचा त्रास होईल, असे मला आजही विचारले जाते. भारतीय वन अधिनियमातील ‘झाड’ या व्याख्येतून बांबू २०१७ साली वगळण्यात आला असून, वनक्षेत्राबाहेर खासगी जमिनीत लावलेला बांबू तोडण्यासाठी आणि नेण्यासाठी आता त्या कायद्याखाली परवान्याची गरज उरलेली नाही. आमच्याकडचा माणगा आतून जवळजवळ भरीव असतो आणि खांबांना तोच उत्तम. तट्ट्यांना आणि कांबींना पातळ सालीचा चालतो. तीन वर्षांपेक्षा कोवळा बांबू घेऊ नये आणि पाऊस सरल्यानंतर तोडावा. बांबूतील पिठूळ अंशासाठी भुंगा येतो आणि सहा महिन्यांत खांबाच्या बुडाशी पिवळ्या भुकटीचे ढीग दिसू लागतात. तोडलेला बांबू वहाळाच्या वाहत्या पाण्यात काही आठवडे दगडाखाली बुडवून ठेवला की तो अंश निघून जातो. पाण्याला काही दिवस घाण वास येतो, म्हणून विहिरीजवळच्या डबक्यात हे करू नये. ज्यांना खर्च करणे शक्य आहे त्यांनी बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात मुरवलेला बांबू वापरावा. कुडाळला बांबूवर काम करणारी कोकण बांबू अँड केन डेव्हलपमेंट सेंटर ही संस्था आहे, त्यामुळे ही माहिती आमच्या भागात तरी दुर्मीळ नाही. खांब थेट मातीत पुरू नये, चिऱ्याच्या तुकड्यावर उभा करून बांधावा. मातीत गेलेल्या बांबूला वाळवी पहिल्याच पावसात शोधून काढते.

आतली मांडणी थोडक्यात सांगतो. बसण्यासाठी दीड-दोन इंच जाडीची, कडा घासून गोल केलेली लाकडी दांडी घ्यावी, प्रत्येक कोंबडीला आठ इंच जागा धरावी, आणि सर्व दांड्या एकाच उंचीवर ठेवाव्यात. पायऱ्यांसारख्या चढत्या दांड्या लावल्या तर संध्याकाळी सगळ्यांत वरच्या दांडीसाठी भांडणे लागतात आणि खालच्या पक्ष्यांवर वरच्यांची विष्ठा पडते. अंडी घालण्यासाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक पेटी पुरते. आंब्याची जुनी लाकडी पेटी आडवी ठेवून, पुढे चार बोटांची पट्टी ठोकून, आत पेंढा घातला की झाले. आता आंबा पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जाऊ लागला असला, तरी पडवीत दोन-चार लाकडी पेट्या नाहीत असे घर आमच्याकडे विरळाच. ही पेटी दांडीपेक्षा खाली आणि अंधाऱ्या बाजूला असावी, नाहीतर कोंबड्या रात्री तिच्यातच झोपतात आणि सकाळी अंडी घाणीने माखलेली मिळतात. खुडूक कोंबडीला एकवीस दिवस अंड्यांवर बसवायचे असेल तर तिची पेटी वेगळ्या कोपऱ्यात न्यावी, कारण इतर कोंबड्या तिच्याखाली रोज नवीन अंडी घालून ठेवतात.

एक दिवसाची शंभर पिल्ले घेणाऱ्यांसाठी मात्र वर सांगितलेले खुराडे पुरेसे नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंश उष्णता लागते आणि ती दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत न्यायची असते. शंभर पिल्लांसाठी दोनशे वॅटचे दिवे, त्यांवर टोपली, आणि भोवती पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे गोल रिंगण, एवढी व्यवस्था पडवीत करता येते. रिंगण गोलच हवे. चौकोनी खोक्यात पिल्ले थंडीने एका कोपऱ्यात गोळा होतात आणि खालची गुदमरून मरतात. रात्री वीज जाणे ज्या गावात नित्याचे आहे, तिथे कोळशाची शेगडी किंवा कंदील तयार ठेवल्याशिवाय पिल्ले आणू नयेत. मोठी होईपर्यंत त्यांना दिवसा बाहेर सोडायचे असेल तर घार आणि शिक्रा यांच्यापासून वाचवण्यासाठी तीन बाय चार फुटांचा, बिनबुडाचा, वरून जाळी मारलेला हलका पिंजरा करावा आणि तो रोज नव्या गवतावर सरकवावा. आपल्या आज्यांचे बांबूचे डालगे हेच काम करत असे, पण पिल्ले दहापेक्षा जास्त झाली की ते अपुरे पडते.

खुराड्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातली मंडळी तो पटकन मान्य करतील. राणीखेत म्हणजेच मानमोडी आली की वाडीतल्या कोंबड्या चार-आठ दिवसांत संपतात. तिच्यावर लस आहे, पिल्लांना पहिल्याच आठवड्यात लासोटा आणि पुढे साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बी देतात. पण फणसावर झोपणारी कोंबडी लसीसाठी पकडायची कशी? रात्री खुराड्यात बसलेले पक्षी अंधारात एकेक करून सहज हाती लागतात. लसीची कुपी एका घराच्या पंधरा-वीस कोंबड्यांपेक्षा कितीतरी जास्त मात्रांची असते आणि एकदा विरघळवली की दोन तासांच्या आत वापरावी लागते, त्यामुळे वाडीतल्या सगळ्या घरांनी एकाच संध्याकाळी पक्षी कोंडलेले ठेवले, तरच ते काम होते. बर्ड फ्लूच्या बाबतीतही हेच. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला प्रादुर्भाव झाला, २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्या दगावल्या. अशा वेळी बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतील परसातल्या कोंबड्यासुद्धा नष्ट केल्या जातात. पाण्याचे आणि खाद्याचे भांडे अंगणात उघडे न ठेवता छपराखाली ठेवले, तर निदान कावळे आणि रानपाखरे त्यात तोंड घालत नाहीत.

हे सर्व कोकणापुरते झाले. विदर्भ-मराठवाड्यात पाऊस कमी आणि ऊन जीवघेणे, तिथे तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कुड मातीने लिंपून केलेले खुराडे आमच्या तट्ट्यांपेक्षा थंड राहील, लांबी पूर्व-पश्चिम घेतली तर ऊन आत कमी येईल, आणि जाळीचा भाग दुप्पट ठेवून दुपारी त्यावर ओले गोणपाट टाकता येईल. तिथल्या जाणकारांनी आपापल्या भागाचे लिहावे, अशी माझी विनंती आहे.

शासनाकडे आणि आपल्याकडे मागण्या अशा की, तलंगा आणि पिल्ले वाटण्याच्या योजनेत पंचवीस-तीस पक्ष्यांच्या खुराड्याचा आराखडा, सामानाची यादी आणि निदान जाळीपुरते अनुदान यांचा समावेश व्हावा. पक्का बांधकाम खर्च दाखवता आला नाही म्हणून बांबू-कौलांचे खुराडे अपात्र ठरू नये. लाभार्थ्याच्या घरी रात्रीचा निवारा उभा असल्याचे पशुसखीने (गावातल्या पशुपालकांना मदत करणाऱ्या प्रशिक्षित महिलेने) किंवा पशुधन पर्यवेक्षकाने पाहिल्यानंतरच पक्षी द्यावेत; यात विलंब होईल हे मान्य, पण पक्षी देऊन ते पहिल्या पंधरवड्यात कुत्र्याच्या तोंडी जाण्यापेक्षा तो विलंब परवडतो. बचत गटांच्या प्रशिक्षणात एक दिवस तरी प्रत्यक्ष खुराडे बांधण्यासाठी राखून ठेवावा, आणि त्यासाठी गावातल्याच सुताराला किंवा बुरडाला मजुरी देऊन बोलवावे.

आपल्या पुरवणीने यशोगाथांमधली एखादी जागा कमी करून, प्रदेशानुसार खुराड्यांची मापांसह चित्रे छापावीत. आमच्या भागातल्या खुराड्याचे चित्र आणि सामानाचा हिशेब मी विनामूल्य देण्यास तयार आहे. फक्त हे दिवाळीच्या सुमारास व्हावे, कारण बांबू तोडून, भिजवून, वाळवून काम उभे करायला कोकणात नोव्हेंबर ते एप्रिल एवढाच काळ हाताशी असतो, आणि पक्ष्यांचे वाटप पावसाच्या तोंडावर झाले तर पुन्हा ताडपत्रीवाचून गत्यंतर राहत नाही.

आपला विश्वासू,
एक सुतार वाचक
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग